पंधरा सप्टेंबरचं पत्र

बेंगळूर,
९ ऑगस्ट २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

शरणु शरणार्थी. हातातलं काम बाजूला ठेव, आधी बस आणि मग वाच. उभ्यानं वाचण्यासारखं हे पत्र नाही.

दीड वर्ष आम्ही ज्याच्या मागे लागलोय तो लाळ-खुरकुताचा विषाणू परवा थांबला! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मी चार वेळा तपासायला लावलं. शेवटी त्या वैतागल्या आणि म्हणाल्या, की पाचव्यांदा तपासलं म्हणून तो काही उठून बसणार नाही. मग सगळ्यांना पेढे वाटले. इथले पेढे म्हणजे नुसती साखर, पण खाल्ले.

तुला समजेल असं सांगतो. हा विषाणू जनावराच्या पेशीत शिरतो आणि तिला हुकूम सोडतो, की माझ्यासारखेच हजारो तयार कर. तो हुकूम एका बारीक धाग्यावर लिहिलेला असतो, त्याला आरएनए म्हणतात. आम्ही त्या धाग्याच्या एका भागाशी जुळणारा लहानसा तुकडा बनवून आत सोडला. गंमत अशी, की पेशीकडे स्वतःची कात्री असतेच. कुठं कापायचं तेवढं आमचा तुकडा दाखवतो. हुकूमच कापला गेला की पैदास बंद. असंच चालत राहिलं, तर सहा-सहा महिन्यांनी जनावरं धरून लस टोचायची कटकटच संपेल बघ.

मला सारखी अप्पांची आठवण येते. मी सातवीत होतो, दोन्ही बैलांच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या आणि अप्पा पुढ्यात बसून त्यांना पातळ कण्या भरवत होते. बैल जगले, पण औताला परत उभे राहिले नाहीत. त्याच वर्षी तू मला शाळेसाठी तुझ्या सासरी घेऊन आलीस. तेव्हापासून मी तुमचंच खात आलोय, हे दाजींना वाचून दाखवू नकोस, ते लगेच हिशेब विचारतील.

शेजारच्या झुंबरमावशीची म्हैस व्यायली का? कळव.

तुझी माया आहे म्हणून इथं परक्या गावात पाय टिकून आहेत.

तुझा धाकटा,
प्रभुलिंग

हिरेवाडी, ता. कागल,
२७ ऑगस्ट २००४

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. तम्मास,
अक्काचे अ. उ. आ.

अरे, केवढं काम केलंस! बसून वाच म्हणालास, पण पोस्टमननं तुझं पत्र डेअरीतच हातात दिलं. तिथं कुठली आलीय बसायला जागा? दुधाची रांग हुती, त्या रांगेत उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. तसंही गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं मीच वाचून दाखवते, मग माझ्या भावाचं काय लपवायचं? कात्रीचं सगळ्यांस्नी पटलं. लस टोचायची कटकट संपणार, ती ओळ मला तीनदा वाचाय लावली. तुझे दाजी तर भेटंल त्याला सांगत सुटलेत, की आमच्या मेव्हण्यानं रोगाचा हुकूम फाडला.

झुंबरबाईची म्हैस व्याली. रेडी झाली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. पहिला चीक आमच्या घरात आला, आनि खरवस तुला धाडता येत न्हाय म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. नवरा सोडून गेल्यापास्नं त्या एका म्हशीवर तिचं घर चाललंय, तुला ठावं हाय. ती रेडी म्हंजे तिचं पुढलं सगळं. औषध आलं की पहिलं तिच्या गोठ्यात येईल का, असं तिनं विचारलंय. मी व्हय म्हणून बसले की!

डेअरीचा कृष्णात पुढल्या महिन्यात लस घेऊन फिरणार हाय. पण टोचली की चार दिवस दूध कमी येतं, मानेला गाठ उठती, आनि दिवाळीच्या पाडव्याला तर म्हशी मिरवायच्या असतात. लोकं म्हणाय लागलीत, प्रभूचं औषध येतंयच, मग आता कशाला टोचायचं? मला ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं.

गडहिंग्लजचं एक स्थळ आलंय. मुलगी शिक्षिका हाय आनि तुझ्यापेक्षा उंच न्हाय, मी शेजारी उभी राहून बघून आले. उत्तर धाड, गप्प बसू नको.

माया हायच, तू पत्र लिहीत राहिलास तर वाढंल.

तुझी अक्का,
रुद्राणी

बेंगळूर,
१५ सप्टेंबर २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हादरलो. चूक माझी आहे. आनंदाच्या भरात एक गोष्ट लिहायची राहिली, आणि तीच सगळ्यात मोठी होती. विषाणू थांबला तो म्हशीत नाही, गाईत नाही, उंदरातसुद्धा नाही. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये थांबला, तोही दोन दिवस. ती बशी माझ्या तळहाताएवढी असते.

म्हैस केवढी असते हे मी तुला सांगायला नको. एवढ्या अंगात आमचा तुकडा पोचवायचा कसा? रक्तात गेल्या गेल्या तो विरून जातो, त्याचं काय? विषाणूनं आपला धागा जरा बदलला तर? यातलं आम्हाला अजून काहीच येत नाही. पुढच्या वर्षी उंदरांच्या पिल्लांवर करून बघणार आहोत. औषध व्हायला दहा वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही.

तेव्हा कृष्णातकडून लस टोचून घ्या, सगळ्यांनी, पाडव्याच्या आधी. चार दिवस दूध कमी आलं तर येऊ दे. झुंबरमावशीची रेडी एवढी लहान आहे, की तिला टोचता येणार नाही. म्हणून तर भोवतालच्या सगळ्या जनावरांना टोचलेलं पाहिजे. तिला राखायचा दुसरा उपाय नाही.

हे पत्रही डेअरीत तसंच मोठ्यानं वाच. एक ओळ गाळू नकोस. लोक मला हसले तरी हसू देत.

शिक्षिकेबद्दल पुढच्या पत्रात. रागावू नकोस, तुझ्या रागाला मी अजून भितो.

तुझा,
प्रभुलिंग

हिरेवाडी,
२० ऑक्टोबर २००४

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. तम्मास,
अ. उ. आ.

पत्र कवाच पोचलं, उत्तराला उशीर झाला. भाताची कापणी तोंडावर, त्यात घर सारवायचं, चकलीची भाजणी करायची, मला का दहा हात हायत?

आपल्या दोन्ही म्हशींना लस टोचून घेतली. कृष्णात आलता आनि टोचून गेला. थोडी गाठ आलीय, उतरंल. बाकीच्यांचं म्हणशील, तर लोकं काय लहान हायत? ज्याचं त्याला कळतं.

पाडव्याची तयारी जोरात हाय. ह्या वर्षी आपल्या गावात सहा गावच्या म्हशी येणार. तुझ्या दाजींनी शिंगाला लावाय रंग आणलाय, आनि मोटारसायकलमागं म्हैस पळवायची म्हणून रोज सकाळी तिला पळवाय नेत्यात. म्हैस बरी पळती, हेच धापा टाकत येत्यात. झुंबरबाईनं म्हशीला कवड्यांची माळ ओवलीय आनि रेडीच्या गळ्यात घुंगरू बांधलाय. रेडी लई अवखळ निघाली, घुंगरू वाजला की स्वतःच दचकून उडती.

तू दिवाळीला येत न्हाईस म्हंजे न्हाईस. फराळाचा डबा धाडलाय, चकल्या मोडल्या तर पोस्टाला बोल, मला न्हाय.

लोभ करत जा, कामापुरता का हुईना.

तुझी अक्का,
रुद्राणी

हिरेवाडी,
२५ नोव्हेंबर २००४

चि. तम्मास,
अ. उ. आ.

वर देवाचं नाव घालाय हात धजला न्हाय.

पाडव्यानंतर चार दिवसांत रोग आला. मिरवणुकीत भायेरच्या एका म्हशीच्या तोंडाला फेस हुता, लोकांना वाटलं पळून आलाय. आता गावात एकवीस गोठ्यांत शिरलाय. म्हशी तोंड उघडंना झाल्यात, जिभेवर फोड, खुरांच्या फटीत जखमा, एका पायावरनं दुसऱ्या पायावर भार टाकत दिवसभर हुबं राहतात. आपल्या गल्लीतल्या बायडाबाईच्या तीनही म्हशी आटल्या.

झुंबरबाईची रेडी गेली. सकाळी उड्या मारत हुती. दुपारी आईला पिता पिता खाली बसली ती उठलीच न्हाय. तिच्या तोंडात फोडसुद्धा आला न्हवता. म्हैस आजारी, त्यात पिल्लू गेलं, ती आता पान्हवत न्हाय. रेडीच्या कातड्यात पेंढा भरून पुढ्यात ठेवला, तर तिनं हुंगलं आनि तोंड फिरवलं.

लोकं दारात येऊन विचारतात, प्रभूचं औषध कुठवर आलं? तुझे दाजी मागच्या दारानं भायेर जात्यात. झुंबरबाई नुसती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसती. मी तिला शब्द दिलाय, तम्मा. तुझ्या त्या बशीतलं असंल तेवढं धाड. दहा थेंब का असनात. म्हैस तरी वाचव तिची. आजवर मी तुझ्याकडं काय मागितलंय का?

तुझी अक्का

बेंगळूर,
२ डिसेंबर २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मॅडमना दाखवलं. त्यांनी ते माझ्याकडून मराठीतून कन्नडात करून घेतलं. मग त्यांनी मला विचारलं, की पाठवायला तुझ्याकडे आहे काय? खरंच काय आहे, अक्का? चिमटीत मावणार नाही एवढा तुकडा. तो म्हशीला टोचला तर तिच्या एका खुरापर्यंतसुद्धा पोचणार नाही. मी तो पाठवला असता, तर माझं मन शांत झालं असतं, म्हशीचं काही झालं नसतं. आणि तुम्ही सगळे त्या थेंबांची वाट बघत बसला असता. म्हणून पाठवत नाही. तू मागितलेली पहिलीच वस्तू आणि मी नाही म्हणतोय, हे मला जन्मभर पुरेल.

करता येईल ते लिहितो. तुरटीच्या पाण्यानं दिवसातून तीनदा तोंड धुवा, फोडांना ग्लिसरीन लावा. खूर स्वच्छ धुऊन कोरड्या जागेत बांधा, माश्या बसू देऊ नका. वैरण नको, पातळ आंबील आणि कण्या द्या. आजारी जनावराची धार काढलेल्या हातानं निरोगी जनावराला शिवू नका. गावात कुणाची जनावरं आणू नका, नेऊ नका. डॉक्टरांना बोलवा. मोठी जनावरं बहुतेक सावरतात.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. मी सप्टेंबरात एवढं स्पष्ट लिहिलं होतं. ते तू डेअरीत वाचल्यावरही लोकांनी लस का घेतली नाही? माझ्या लिहिण्यात काय कमी पडलं? रात्रंदिवस हेच डोक्यात आहे. हातात काही असल्याशिवाय आता गावात पाय ठेवायची माझी हिंमत नाही.

माझ्यावरचा लोभ तुटला नसेल, असं धरून चालतो.

प्रभुलिंग

हिरेवाडी,
१४ डिसेंबर २००४

चि. तम्मास,
अ. उ. आ.

तुझ्या लिहिण्यात काय कमी पडलं न्हाय. ते पत्र मी कुणाला वाचूनच दाखवलं न्हाय.

आता लिहिलं एकदाचं. ज्या रांगेत मी मान ताठ करून तुझं कौतुक वाचलंतं, त्याच रांगेत काचेच्या बशीचं वाचायचं माझ्या जिवावर आलं. आज वाचू, उद्या वाचू करत राहिले. मग म्हटलं, पाडवा तरी होऊ दे. त्यात लोकं अजून तुझं नाव काढत हुती आनि मला ते गोड लागत हुतं. आनि ह्याच्याहून वंगाळ सांगते. आपल्या दोन्ही म्हशींना मी टोचून घेतली ती गोठ्याचं दार लावून. कृष्णातला म्हणाले, कुणाला बोलू नको. माझ्या शब्दाभायेर तो जात न्हाय, गप्प बसला बिचारा. आपल्या म्हशी धडधाकट हायत, तम्मा. सगळ्या गल्लीत फक्त आपल्या.

तुझं उत्तर आलं, तू स्वतःला बोल लावतोयस हे वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीत गेले आनि पंधरा सप्टेंबरचं पत्र काढून रांगेपुढं वाचलं. एक ओळ गाळली न्हाय. म्हशींचं पण सांगितलं. बायडाबाईनं तिथंच मला काय काय बोलून घेतलं ते लिहीत न्हाय, पण त्यातलं एकही खोटं न्हवतं. दूध न्हाय तरी झुंबरबाई सवयीनं रोज रांगेत येती. तिनं एवढंच विचारलं, की पत्रावर तारीख कुठली हाय. मी सांगितली. ती बोटं मोजत राहिली आनि म्हणाली, तवा रेडी महिन्याची हुती. मग रिकामी किटली घेऊन गेली.

मी माझी दुभती म्हैस नेऊन तिच्या गोठ्यात बांधली. तासाभरात तिनं ती परत आणून माझ्या दावणीला बांधली. येताना धार काढून आणलीती, ते दूध माझ्या भांड्यात ओतलं आनि निघून गेली.

आता रांगेत मला कुणी पत्र वाचाय देत न्हाय. कृष्णात वाचतो, अडखळत वाचतो. मी माझं दूध घालते आनि येते.

आशीर्वाद द्यायचा हक्क राहिला असंल तर दिलाय.

रुद्राणी

बेंगळूर,
२८ डिसेंबर २००४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्यांदा मी एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात होतं ते तू रांगेत ऐकलंच आहेस.

मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही. तू मला लहानाचं मोठं केलंस म्हणून तो गिळून टाकावा, असं वाटलं होतं, पण गिळवत नाही. चुकलो मीही. अर्धवट बातमी आनंदानं उधळायची घाई मी केली, अर्धवट बातमी जपून ठेवायची हौस तू केलीस. आपण दोघं एकाच घरचे.

यापुढे प्रयोगाची बातमी मी तुला लिहिणार नाही. पहिलं औषध झुंबरमावशीच्या गोठ्यात येईल असं तू म्हणाली होतीस. औषध नाही, पण बातमी तरी पहिली तिच्या गोठ्यात जाऊ दे. पाकीट झुंबरमावशीच्या नावानं येईल. तिनं ते हवं त्याच्याकडून वाचून घ्यावं, कृष्णातकडून किंवा शाळेतल्या गुरुजींकडून. तुला हे लागेल, हे मला माहीत आहे. तरीही असंच करणार आहे.

तुझ्या तब्येतीचं मात्र मला लिहीत जा, आणि जेवत जा. राग वेगळा, तू वेगळी.

प्रभुलिंग

हिरेवाडी,
२४ मार्च २००५

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

चि. तम्मास,
अक्काचे अ. उ. आ.

तीन महिने तुला नुसती खुशाली लिहिली, कारण दुसरं लिहिण्यासारखं काय न्हवतं. व्हय, लागलं मला. लई लागलं. पण तू बरोबर केलंस.

ह्या महिन्यात कृष्णात लस घेऊन फिरला. बर्फाची पेटी धराय त्याला माणूस पाहिजे हुतं, मी गेले. सात दिवस त्याच्या मागनं गल्लोगल्ली हिंडले. लोकांनी गोठ्याची दारं उघडली, म्हशी धरल्या, माझ्याशी मात्र कुणी बोललं न्हाय. बायडाबाईनं त्याला चहा दिला आनि मला न्हाय. तिसऱ्या दिवशी मलापण दिला, कपबशी आपटून का हुईना. ह्या खेपेला एक गोठा सुटला न्हाय. झुंबरबाईची म्हैस सावरलीय, पण आटली ती आटलीच. आता पुढलं वेत हुईपर्यंत ती दुसऱ्यांच्या रानात भांगलाय जाती. तिनं म्हैस धरली, कृष्णातनं टोचलं, मी पेटीचं झाकण लावलं.

मंगळवारी तुझं पाकीट डेअरीत आलं. त्यावर तिचं नाव बघून सगळी रांग गोळा झाली. कृष्णातनं वाचायसाठी हात पुढं केला. गुरुजीपण तिथंच हुते. तिनं पाकीट कुणाकडं दिलं न्हाय, कमरंला खोचलं आनि रानात गेली. मी मान खाली घालून घरी आले.

सांजच्याला मी गोठा झाडत हुते, तर ती दारात हुबी. डिसेंबरपास्नं तिनं आमचा उंबरा ओलांडला न्हवता. ती आत आली, दावणीच्या कडंला बसली आनि कमरंचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. ते फोडलेलं न्हवतं.

माझे शेणाचे हात लुगड्याला पुसले आनि फोडलं. तू लिहिलंस तसं, तारखेपास्नं वाचाय घेतलं. उंदराच्या वीस पिल्लांना आधी तुकडा टोचला आनि मग रोग दिला, तिथवर आले. पुढं अकरा मेली असं हुतं. खाली नऊ जगल्याचं मला दिसत हुतं, तम्मा, आनि आधी तेच वाचावं असं आतनं लई वाटलं. पण मी अकराच वाचलं. वर बघायचं धाडस झालं न्हाय.

ती म्हणाली, पुढं वाच.

आता लोभ माझ्यावर थोडा कमी धरलास तरी चालंल, पण पत्र तिच्याच नावानं धाडत जा.

तुझी अक्का,
रुद्राणी